साडूंना रस्ता नको होता

आमच्या साडूंइतका रस्त्यांचा तिरस्कार करणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. आता पुण्यात रस्त्यांना नावं ठेवणाऱ्यांची वाण आहे असं नाही. इथे तो सकाळच्या चहाबरोबर करायचा उद्योग आहे. पण बाकीची मंडळी रस्ते वाईट आहेत म्हणून चिडतात आणि आमचे साडू रस्ते आहेत म्हणून चिडतात. नवा काँक्रीटचा रस्ता दिसला की त्यांचा चेहरा उतरतो. कुठे खोदकाम चाललेलं दिसलं की ते थांबतात, वाकून आत डोकावतात, दगडमातीचे थर डोळे भरून पाहतात, आणि मग आजारी माणसाला भेटून बाहेर आल्यावर बोलावं तशा खालच्या आवाजात म्हणतात, "बुजवणार हो हे. जास्त दिवस ठेवणार नाहीत."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सदाशिव पेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच घर. कामावर जायला जिना उतरायचा आणि घरी यायला जिना चढायचा, एवढाच त्यांचा रोजचा प्रवास. उभं आयुष्य त्यांनी मिलिमीटरमध्ये काढलं. दोन बाहुल्यांमधलं अंतर, काचेची जाडी, नाकावरच्या पट्टीचा कोन, याच्यापलीकडे काही मोजायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. अंगाने किरकोळ, बोलायला मृदू. गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी अडकवतानासुद्धा आधी "आपली हरकत नसेल तर" असं म्हणणारा माणूस. अशा माणसाने साठीला टेकल्यावर एका दुपारी मला विश्रांतवाडीला फोन करून सांगितलं, की पिकअप ट्रक घेतला आहे, चारही चाकांना जोर असलेला, आणि तो जिथे रस्ता नाही अशा ठिकाणीच चालवायचा आहे. मी विचारलं, कुणी घेतलाय? ते म्हणाले, मी. लाइन खराब असावी असं समजून मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, मी, आणि या वेळी आवाजात थोडी लाज आणि बराच अभिमान होता.

हे वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं याबद्दल घरात दोन मतं नाहीत. ते फोनमधून शिरलं. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा पेठेतला सज्जन माणूस झोपतो. साडू झोपण्याऐवजी फोनवर परदेशातल्या गाड्या पाहायला लागले. तिकडे ऑस्ट्रेलियात कुणीतरी अनोळखी माणूस गाडी नदीत घाली आणि इकडे सदाशिव पेठेत आमचे साडू श्वास रोखून धरीत. गाडी पलीकडे निघाली की हे उशीवर डोकं टेकत. ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, वाटलं की बसल्या जागी करमणूक होतेय तर होऊ दे, निदान खर्च तरी नाही. त्यामुळे दारात पिकअप उभा राहिला तेव्हा त्या खाली आल्या, त्याला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या उघड्या हौद्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हौदा कशाला? पाणी भरून ठेवायचंय?" एवढं बोलून त्या वर गेल्या आणि त्या दिवशी पुढे काही बोलल्या नाहीत. ताई बोलत नाहीत तेव्हा आमच्या सासरकडची सगळी माणसं आवाज न करता ताटं उचलतात.

साडूंचा मात्र नूर पालटला. त्यांना गाडीबद्दल एक तत्त्वज्ञान सापडलं होतं आणि ते ऐकायला माणूस मिळाला की ते सोडत नसत. त्या तत्त्वज्ञानाचं सार एका शब्दात होतं, मध्यम. त्यांचा पिकअप मध्यम आकाराचा होता आणि हा आकार त्यांनी फार विचाराने निवडला होता. "मोठा ट्रक झाडांत अडकतो, छोटी गाडी खड्ड्यात अडकते. मध्यम कुठेच अडकत नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की ते आरतीच्या शेवटी म्हटलं जात नाही याचंच आश्चर्य वाटतं. पुढे मग नाकाचा कोन, शेपटीचा कोन, पोटाचा कोन असे कोन येत. चढ लागला की गाडीचं नाक आपटू नये, उतरताना शेपूट घासू नये, आणि मधल्या उंचवट्यावर पोट टेकू नये, एवढंच त्यात होतं. पण साडू ते चष्म्याच्या नंबरासारखं अर्ध्या-पाव अंशात सांगत.

एकदा वाघोलीच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो होतो. टेबलाखुर्चीची पंगत होती आणि साडूंच्या शेजारी नवरीचे मामा बसले होते. त्यांनी सौजन्याने विचारलं, गाडी कोणती घेतली म्हणे? झालं. साडूंनी भाताची मूद जरा दाबून डोंगर केला, भाजीतली बटाट्याची फोड उचलून पिकअप म्हणून पायथ्याशी ठेवली आणि मामांना नाकाचा कोन समजावून द्यायला सुरुवात केली. फोड अर्ध्यावर गेली असेल-नसेल, तेवढ्यात वाढप्याने येऊन वरून डावभर वरण ओतलं. फोड घसरली आणि वरणाबरोबर वाहत जिलबीला जाऊन थडकली. दुसरा कुणी वाढप्यावर ओरडला असता. साडू शांतपणे मामांना म्हणाले, "अचानक आलेला पूर. हेसुद्धा धरून चालावं लागतं." मामांनी त्यानंतर जेवण संपेपर्यंत आपला भात दोन्ही हातांनी झाकून ठेवला होता.

इतका विचारपूर्वक निवडलेला मध्यम आकार सदाशिव पेठेत मात्र मावत नव्हता. इमारतीखालची पार्किंगची जागा ज्या काळात आखली गेली त्या काळात माणसं सायकलीवर समाधानी होती. शेवटी नाक आत आणि हौदा बोळात, अशी तोड निघाली. रोज गाडी आत घालायची म्हणजे अर्ध्या बोळाला काम लागे. कुणी "येऊ द्या" म्हणे, कुणी "बास" म्हणे, आणि दोन्ही म्हणणारे एकाच बाजूला उभे असत. हौद्यावर साडूंनी ताणून बसवलेलं ताडपत्रीचं झाकण होतं. बोळात इतकी सपाट आणि उन्हाची जागा दुसरी नाही, हे पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी त्यावर लुगडं पसरून कुरडया घातल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी टोकं पक्की बांधली आणि त्या निश्चिंतपणे झोपायला गेल्या. साडूंनी मागे न पाहता गाडी काढली आणि मुळशीची वाट धरली.

चौकात त्यांना वाहतूक पोलिसाने अडवलं. मालवाहू गाड्यांना या वेळेत शहरात बंदी आहे, असं तो म्हणाला. साडूंनी मोठ्या धीराने, पांढरी नंबरप्लेट दाखवून, ही मालवाहू गाडी नाही, ही रानात जाण्याची खाजगी गाडी आहे, हे पटवायला घेतलं. पोलीस मागे गेला आणि पुढे आला. मग हा माल कुणाचा, असं त्याने विचारलं. साडूंनी उतरून पाहिलं. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून ते म्हणाले, "शेजारच्या काकूंचा." पोलिसाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जायची खूण केली. संध्याकाळी परत आल्यावर काकू भांडायला उतरल्या आहेत असं साडूंना वाटलं. पण काकूंनी एक कुरडई मोडून पाहिली, अशा कडकडीत कधी वाळल्या नव्हत्या असं म्हणाल्या, आणि उद्या कुठे जाणार आहात याची चौकशी केली.

साडूंना हे सगळं चाललं असतं, फक्त कुणी गाडीला टेम्पो म्हटलेलं चालत नसे. आणि पेठेत सगळे टेम्पोच म्हणत. कुणी कपाट न्यायला मागे, कुणी गाद्या, कुणी मंडळाचा मांडव. साडू नम्रपणे नाही म्हणत. त्या हौद्यात त्यांनी कधी नारळसुद्धा ठेवला नाही. ओझं वाहण्याची सवय लागली की गाडीचा स्वभाव बिघडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. याचा शेवट व्हायचा तसाच झाला. ताईंनी नवा फ्रीज घेतला. साडूंनी तो आपल्या गाडीतून आणायला नकार दिला, म्हणून भाड्याचा टेम्पो आला. आणि बोळात आमच्या साडूंचा रिकामा पिकअप आडवा असल्यामुळे टेम्पो आत शिरेना. दोन हमालांनी फ्रीज उचलून, त्या रिकाम्या हौद्याला वळसा घालून, तिरका करत आत नेला. वरच्या गॅलरीतून ताई हे पाहत होत्या.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी निकाल दिला. आम्ही दोघं नवरा-बायको तिथेच होतो, म्हणून तो मी स्वतःच्या कानांनी ऐकला. ताई म्हणाल्या, "एक काम दाखवा. आपल्या जुन्या गाडीने झालं नसतं, असं एकच काम. दसऱ्यापर्यंत. नाहीतर दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा आणि देऊन टाकायची." जुनी गाडी म्हणजे ताई स्वतः चालवतात ती छोटी, जिचं एक दार आतूनच उघडतं ती. साडूंनी मान डोलावली. ताई शब्दाच्या पक्क्या आहेत. आमच्या विश्रांतवाडीतल्या एका कोंबडीवाल्याला पिकअप हवा होता, त्याला निरोपसुद्धा गेला. हौद्यावर दोन मजली खुराडी बसवता येतील का, एवढीच त्याची चौकशी होती.

कोंबड्यांचं ऐकल्यावर साडू कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर दुकान बंद, घरात नाहीत. खाली पाहिलं तर पिकअपमध्ये काचा लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलेले. समोर पार्किंगची भिंत. मी दुसऱ्या बाजूने चढून शेजारी बसलो. आता आम्ही दोघं त्या भिंतीकडे पाहत होतो. मग ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना लांबचं दिसावं म्हणून काचा घासल्या हो. आपण लांब कधी गेलोच नाही." माझ्याजवळ तयार टोमणा होता, तो मी गिळला. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली, आणि दर रविवारी मी बरोबर येईन असं मी कबूल करून बसलो.

बिनरस्त्याच्या वाटेला एकट्याने जायचं नाही असा नियम आहे म्हणे. गाडी रुतली तर ढकलायला, पाण्यात शिरायचं झालं तर आधी उतरून खोली बघायला, आणि बाकीचा वेळ नुसतं वजन म्हणून बसायला एक माणूस लागतो. या तिन्ही कामांना मी पात्र ठरलो. पुढच्या सीटवर मी मांडीवर फावडं घेऊन बसे. मागच्या सीटवर दोर, हवेचा पंप, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि एक लाकडी पाट. पाट कशाला, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं. गाडी उंच आहे आणि ताईंचे गुडघे दुखतात. त्या कधी आल्याच तर पाय ठेवायला म्हणून तो गाडी घेतली त्या दिवसापासून ठेवला आहे, असं साडूंनी सांगितलं. तो पाट अजून कोरा होता.

आणि मग आमच्या लक्षात आलं, की पुण्याच्या आसपास रस्ता नसलेली जागा उरलेली नाही. साडू आठवडाभर नकाशात शोधून एखादी हिरवी, ओसाड, निर्मनुष्य जागा काढत. रविवारी आम्ही जाऊन पाहावं तर तिथे कमान. कमानीच्या आत पेव्हर ब्लॉक, दुतर्फा शोभेची झाडं, आणि प्लॉट पाडल्याचे चुन्याचे पट्टे. मऊ मातीत पकड मिळावी म्हणून चाकांतली हवा थोडी सोडायची असते. साडू डांबर संपलं की उतरून चारही चाकांची हवा सोडत, वळण ओलांडलं की काँक्रीट लागे, आणि मग आम्ही दोघं घामाघूम होऊन ती पुन्हा भरत असू. मुळशी झाली, सासवडची बाजू झाली, वाघोलीच्या पलीकडचे माळ झाले. आम्ही पुढे जात होतो आणि रस्ता आमच्याही पुढे पोचलेला असे.

त्यात गावकऱ्यांचा एक ठाम समज होता. शहरातून मोठी गाडी आली, चष्मा लावलेला माणूस उतरला, आणि वाकून माती बोटांत घेऊन चोळायला लागला, की तो जमीन बघायला आलाय; दुसरं काही कारण असूच शकत नाही. आम्ही थांबलो की कुणी ना कुणी मोटारसायकलवरून येई, चहा सांगे, आणि पूर्व-पश्चिम हात करून हद्द दाखवी. साडू चहाला नाही म्हणू शकत नसत. मग तो माणूस आवाज खाली आणून आपलं ठेवणीतलं वाक्य काढी, "इथनं मोठा रोड येनार हाय." हे ऐकून गिऱ्हाईक खुलतं असा त्याचा अनुभव. आमचे साडू खचत. "नक्की येणार?" ते कळवळून विचारत. तो म्हणे, नक्की. "काही करून टाळता नाही का येणार?" यावर प्रत्येक गावात चहाचा दुसरा कप सांगितला जाई.

अशा हिंडण्यात, दसरा तोंडावर आलेला असताना, वाघोलीच्या पुष्कळ पलीकडे एका टेकडीच्या पोटाशी आम्हाला तात्या भेटले. म्हातारा उंच, ताठ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी विकून मजले चढवले होते. तात्यांची विकली जात नव्हती, कारण मध्ये ओढा होता, ओढ्यावर पूल नव्हता आणि वाट अशी नव्हतीच. ही उणीव ते पोरीच्या पत्रिकेतला मंगळ लपवावा तशी लपवत होते. साडूंनी थेट विचारलं, रस्ता नाही ना इथे? तात्या वरमले. "न्हाय सायेब. पन यील की."

"येईल असं वाटतं तुम्हाला?"

तात्यांनी ओढ्याकडे पाहिलं. "खरं सांगू का? मी हाय तवर तरी यायचा न्हाय."

साडूंनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. एवढ्या आनंदाने आपल्या जमिनीकडे पाहणारा माणूस तात्यांनी कधी पाहिला नव्हता. रस्ता नको असं सांगून भाव पाडणारं हे कुणीतरी फार बेरकी गिऱ्हाईक आहे, अशी त्यांनी मनाशी गाठ बांधली, आणि त्या बेरकीपणाबद्दल त्यांना साडूंचा आदर वाटायला लागला.

पण नशीब आडवं आलं. त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता. ओढा कोरडा ठणठणीत आणि वावर तव्यासारखं. साडूंनी तरीही सगळी तयारी केली, हवा सोडली, कुठलेसे दांडे ओढले, आणि ओढ्यात गाडी घालणार तोच दुधाचे कॅन लावलेला एक माणूस स्कूटरवरून, एका हाताने फोन कानाला लावून, आमच्या पुढून ओढा ओलांडून गेला. साडूंनी इंजिन बंद केलं. हे काम ताईंना दाखवण्यासारखं नव्हतं.

उतरून बसलो तेव्हा तात्या हात लांब करून फोन बघत होते. साडूंचं लक्ष गेलंच. पुढच्या रविवारी त्यांनी दुकानातली सगळी पेटी तिथे आणली, बाभळीला अक्षरांचा तक्ता टांगला आणि तात्यांचे डोळे तपासले. त्याच्या पुढच्या फेरीला चष्मा तयार. "आपली हरकत नसेल तर" म्हणून त्यांनी तो तात्यांच्या कानांवर बसवला. तात्यांनी टेकडीकडे पाहिलं, देवळावरचा झेंडा पाहिला, मग माझ्याकडे पाहून, तुमी तर म्हातारे हायसा की, असं म्हणाले. पैसे साडू घेईनात. तात्यांना फुकटचं चालेना. पुष्कळ ओढाताण झाल्यावर तात्या कावले. "मंग तुमाला पायजे तरी काय, ते तोंडानं सांगा."

साडूंनी इकडेतिकडे पाहिलं. "चिखल," ते म्हणाले.

तात्या नव्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान डोलावली.

दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार उजाडला. सणाला कोंबडीवाला बयाणा घेऊन येणार होता. निघताना ताई अचानक खाली आल्या. दोन मोठी माणसं दर रविवारी कुठे जाऊन तोंड काळं करतात ते एकदा बघू दे, असं म्हणाल्या. हातात डबा होता. साडूंनी धावत जाऊन मागच्या सीटवरचा पाट काढला आणि दारापाशी ठेवला. ताईंनी पाटाकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं, पाय ठेवला आणि वर चढून बसल्या. काकूंनी त्या दिवशी काही वाळत घातलं नव्हतं, त्या नुसत्या बघायला उभ्या होत्या.

पोचलो तर तात्या बांधावर उभे. मागे त्यांचा सगळा गोतावळा. आणि समोर, आठ दिवसांपूर्वी ज्या वावरात ढेकूळ फुटत नव्हतं तिथे, चकाकणारा, गुडघाभर, एकजीव चिखल. विहिरीवरची मोटर लाइट असेल तेव्हा चालू ठेवून, दोनदा नांगर फिरवून तात्यांनी तो केला होता. कांद्यासाठी राखलेलं वावर होतं ते. "घ्या," तात्या म्हणाले. "घाला गाडी."

साडू उतरले, चारही चाकांची हवा बेतशीर सोडली, परत चढले, चष्मा पुसला, दांडे ओढले, बटणं दाबली. ताई त्यांच्या शेजारी, मी मागच्या सीटवर डबा सांभाळत. गाडी डौलात बांधावरून खाली उतरली. नाक आपटलं नाही, पोट टेकलं नाही. गोतावळ्याने टाळ्या वाजवल्या. वावराच्या बरोबर मध्यावर ती आली आणि तिथे एक दीर्घ सुस्कारा टाकून खाली बसली. साडूंनी जोर दिला. चारही चाकांनी चारही दिशांना चिखल उडवला, तात्यांचा नवा चष्मा माखला, आणि गाडी आणखी खोल गेली. पुढे दिला, मागे दिला. मी उतरून पट्ट्या घातल्या. पट्ट्या चिखलात गेल्या त्या अजून तिथेच असतील. शेवटी साडूंनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत बसले. पार्किंगमध्ये भिंतीसमोर बसले होते तसेच.

"हा मध्यम आहे," ते अगदी हळू म्हणाले. "मध्यम अडकत नाही."

ताईंनी काच खाली करून चिखल पाहिला. सगळीकडे पाहिला. मग त्यांनी विचारलं, "अहो, आपली जुनी गाडी इथवर आली असती?"

"नाही. बांधावरच बसली असती."

"मग ती इथे मधोमध येऊन अशी रुतली असती?"

साडू प्रामाणिक माणूस. त्यांनी विचार केला. "नाही. रुतायला आधी इथवर यावं लागतं."

"झालं की मग एक काम," ताई म्हणाल्या.

साडूंना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुष्कळ वेळ काचा पुसत बसले. काचा स्वच्छ होत्या. मी परत मागे येऊन डब्याच्या झाकणाकडे बघत होतो, कारण दुसरीकडे बघण्यासारखी परिस्थिती नव्हती.

गावातला ट्रॅक्टर दुसरीकडे कामाला गेला होता, तो संध्याकाळी येणार होता. साडूंनी हौद्यावरची ताडपत्री स्वतः काढली, पाट हौद्यात ठेवला आणि ताईंना हात धरून वर घेतलं. त्या हौद्यात त्यांनी आपणहून ठेवलेलं ते पहिलं ओझं. ताई पाटावर बसल्या, आम्ही बाजूला. तात्या लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून चिखल तुडवत भाकरी-कांदा घेऊन आले. ताईंचे दडपे पोहे, तात्यांची भाकरी, आणि चहूकडे लांबवर माळ. ताई मधेच म्हणाल्या, इथून बरंच लांबचं दिसतं हो. साडूंनी चष्मा नाकावर नीट बसवला. गाडी निघाली तेव्हा दिवस मावळला होता. दसऱ्याला झेंडूचा हार घातला गेला आणि कोंबडीवाल्याला पेढा आणि आपट्याची पानं देऊन वाटेला लावलं.

पुढच्याच वर्षी तात्यांचा फोन आला. आवाज असा, की साडूंना वाटलं घरात काही बरंवाईट झालं. "सायेब, वाईट बातमी हाय," तात्या म्हणाले. "रोड आला." ओढ्यावर पूल झाला होता आणि वावराला मागू तो भाव मिळत होता. साडूंनी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं, मुलांचं भलं होईल म्हणाले, फोन ठेवला आणि त्या दुपारी दुकान उघडायला उशीर केला. नंतर आम्ही एकदा गेलो होतो. कमान होती. वॉचमनने कुणाकडे जायचंय असं विचारलं, आणि साडूंनी गाडी मागे वळवली.

पिकअप आजही सदाशिव पेठेत आहे, नाक आत आणि हौदा बाहेर. काकूंच्या कुरडया दर उन्हाळ्यात मुळशीला जाऊन येतात. गाडी धुवायला माणूस येतो, पण मागच्या डाव्या चाकाच्या वरच्या खोबणीला हात लावायचा नाही अशी त्याला ताकीद आहे. तिथे त्या दिवशीच्या चिखलाचा जाड थर वाळून दगड झाला आहे. तात्या आता वाघोलीला एका इमारतीत मुलाकडे राहतात, लिफ्ट आहे, सगळं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी चष्मा सैल झालाय असं सांगून ते बस बदलत पेठेत येतात. दुकानात शिरण्याआधी पार्किंगमध्ये जातात, चाकापाशी वाकतात, आत हात घालून चाचपून बघतात. मग येऊन खुर्चीवर बसतात. ताई वरून चहा पाठवतात. साडू तात्यांचा चष्मा उतरवून घेतात, त्याचा घट्ट असलेला स्क्रू सैल करतात आणि पुन्हा घट्ट करून देतात.